शिळा मिरर ठेवू नका

मागच्या अंकात आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममधल्या मिररबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक आपल्या सीमाभागातूनच. ते टिपण ज्यांच्या वाचनात आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या मूळ सर्व्हरवरच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत आपल्याकडे ठेवायची आणि कुणालाही डाउनलोड करू द्यायची, याला मिरर म्हणतात. जागा, वीज, बँडविड्थ ज्याची त्याने द्यायची, पैसे कुणी कुणाकडून घेत नाही. मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि २०११ पासून असा एक मिरर सांभाळते. डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम, टेक्स या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा सीटॅन संग्रह, लिबरऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर आणि व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर, एवढंच आमच्याकडे आहे.

प्रश्न : नंदगड भागात माझं केबल-इंटरनेटचं काम आहे. अकराशे कनेक्शन आहेत. १ जीबीपीएसची लाइन घेतलीय, ती रात्री भरते, पण अपलोडची बाजू कायम रिकामी असते. ती मुक्त सॉफ्टवेअरला देता येईल का? खर्च किती, डोक्याला ताप किती, खरं सांगा आक्का.
— इंटरनेट व्यावसायिक, नंदगड

अण्णा, देता येईल, आणि तुमच्यासारख्यांनीच द्यावी. कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की. घरचं गिऱ्हाईक दिवसभर खाली ओढतं. पिक्चर, क्रिकेट, पोरांचे क्लास. वर पाठवतं ते किरकोळ. पण तुम्ही वरून जी लाइन विकत घेता ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. म्हणजे वर जाणाऱ्या बाजूचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरता आणि ते रान पडीक राहतं. मिररचं काम नेमकं उलट्या दिशेचं. तो दिवसातून थोडंसं खाली घेतो आणि उरलेला वेळ लोकांना वर पाठवत राहतो. तुमच्या पडीक रानात पीक येईल आणि गिऱ्हाइकाच्या पिक्चरला धक्का लागणार नाही.

हिशेब असा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर पूर्ण भरून वाहिल्यास दिवसाला साधारण १ टीबी बाहेर जातो. हे पुष्कळ झालं. सुरुवातीला तुम्ही १०० एमबीपीएसवरच कुलूप घाला, पुढं वाढवता येतं. मात्र तुमचा करार एकदा काढून वाचा. ठरावीक रक्कम असेल तर प्रश्न नाही. ९५ पर्सेंटाइलवर बिल असेल तर दर पाच मिनिटांचं मोजमाप महिनाभर मांडतात, त्यातलं सगळ्यात वरचं पाच टक्के सोडून देतात आणि तिथून बिल लावतात. तीस दिवसांच्या महिन्यात ते पाच टक्के म्हणजे ३६ तास. नवी आवृत्ती बाहेर पडली की, समजा डेबियन १३ आलं तो ९ ऑगस्ट २०२५, एक-दीड दिवस गर्दी उसळते आणि ओसरते. ती गर्दी त्या ३६ तासांत जिरते. आणखी एक, खाली येणारी आणि वर जाणारी बाजू यांतली जी मोठी असेल तिच्यावरच बिल धरत असतील तर तुमचा आकडा बहुतेक हलणारच नाही. एवढं मात्र वरच्या कंपनीकडून लिहून घ्या.

मशीन फार मोठं नको. जुना डेस्कटॉप, १६ जीबी रॅम आणि ४ टीबीची डिस्क चालेल. रॅमवर कंजुषी करू नका. लोक शंभर वेळा मागतात त्या फाइली मोजक्याच असतात, त्या रॅममध्ये राहिल्या की डिस्कला हात लावावा लागत नाही. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणीच उडी मारू शकते. पन्नास जण पन्नास वेगवेगळ्या फाइली मागायला लागले की तिची टकटक खोलीच्या दारापर्यंत ऐकू येते. डेबियन ठेवणार असाल तर एकाच प्रकारच्या प्रोसेसरसाठीची प्रत ठेवा, एएमडी६४, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट संगणकांची. तुमच्या डिस्कवर आरामात मावेल. अमेरिकेतल्या काही नेटवर्कवाल्यांनी मायक्रो मिरर नावानं हेच चालवलंय. वहीएवढ्या थिन क्लायंटवर, म्हणजे ऑफिसातल्या बारक्या संगणकावर, सगळ्यात जास्त मागणीचे मोजके प्रकल्प ठेवायचे आणि ज्या नेटवर्कची वर जाणारी बाजू रिकामी आहे तिथं ते यंत्र नेऊन बसवायचं. एक मोठं भांडार करण्याऐवजी बारकी पुष्कळ.

आता डोक्याचा ताप. तो पैशाचा नाही, रोजचा आहे. उन्हाळ्यात पाणपोई घालणारे पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी हार, नारळ सगळं होतं. पण रांजण रोज घासून भरणारा माणूस असेल तरच ते पाणी पिण्यासारखं राहतं. मिररचं तसंच आहे. डेबियनचं मूळ भांडार दिवसातून चार वेळा बदलतं, तुमची प्रत त्याच्या मागोमाग बदलली पाहिजे. फाइली ओढायचं काम आरसिंक करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तो लिहिला, आणि आजही लाखो नावं ताडून पाहून नेमकं काय नवं, काय जुनं हे सांगण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. पण आरसिंक का थांबला हे रोज सकाळी एका माणसाने बघायला लागतं. मी चहा घ्यायच्या आधी बघते. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं तुमच्याकडे, किंवा तुमच्या हाताखालच्या पोराकडे, वर्षाचे ३६५ दिवस असतील तर उद्या सुरू करा. नसतील तर बँडविड्थ असूनही सुरू करू नका.

प्रश्न : लॅबमध्ये डेबियनवर पॅकेज, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर, टाकताना "हॅश सम मिसमॅच", म्हणजे आकडा जुळत नाही, असं येतंय. सर म्हणतात मिरर हॅक झालाय. आम्ही जो मिरर वापरतो तो तुमचा नाही, पण भीती वाटते. मिरर चालवणारा माणूस आमच्या मशीनमध्ये काहीही घालू शकतो का?
— बीसीएची विद्यार्थिनी, चिकोडी

बाळ, तो मिरर हॅक झालेला नाही, शिळा झालाय. तू पत्ता दिलास म्हणून मी जाऊन पाहिलं. तुलाही पाहता येईल. डेबियनच्या प्रत्येक मिररवर "प्रोजेक्ट" नावाचं फोल्डर असतं, त्यात "ट्रेस". आतल्या फाइलीत शेवटची प्रत कधी घेतली ती तारीख असते. तुमच्या मिररची तारीख अकरा दिवस जुनी आहे. प्रत घेताना मध्येच लाइन तुटली असणार आणि नंतर कुणी पाहिलंच नाही.

तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घे. डेबियनचे लोक "रिलीज" नावाच्या एका छोट्या फाइलीवर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही करतात. त्या फाइलीत "पॅकेजेस" या याद्यांचे शा-२५६ आकडे असतात. हा आकडा म्हणजे फाइलीवरून काढलेला ठसा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो. त्या याद्यांत एकेका पॅकेजचा शा-२५६ आकडा असतो, चौसष्ट अक्षरांचा. तुझ्या मशीनवर सही तपासायची किल्ली इन्स्टॉल करतानाच आलेली असते. मी माझ्या मिररवर एका पॅकेजातलं एक अक्षर बदललं तरी आकडा जुळणार नाही आणि ॲप्ट, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारा डेबियनचा प्रोग्राम, ते घेणार नाही. आकडा बदलावा तर यादी बदलते, यादी बदलावी तर सही मोडते, आणि सही करायची किल्ली माझ्याकडे नाही. म्हणून अनोळखी माणसाचा मिररही वापरता येतो. विश्वास माझ्यावर ठेवायचा नसतो, सहीवर ठेवायचा असतो.

तुमच्या मिररवर सहीची फाइल नवी आलीय आणि तिच्या खालची यादी जुनीच राहिलीय. ॲप्टने दोन्ही ताडली, जुळेना म्हणून थांबला. त्याने आपलं काम चोख केलंय. असं होऊ नये म्हणून प्रत दोन टप्प्यांत घ्यायची पद्धत आहे. आधी "पूल" फोल्डरातली नवी पॅकेजं आणायची, मग "डिस्ट्स" मधल्या याद्या, आणि जुनं सगळ्यात शेवटी काढायचं. साधा आरसिंक वर्णानुक्रमाने जातो आणि इंग्रजीत डी हे अक्षर पी च्या आधी येतं. म्हणजे यादी आधी येते आणि माल मागाहून. मधल्या वेळात कुणी आलं तर यादीत नाव आहे पण फाइल नाही. डेबियनने यासाठी एफटीपीसिंक नावाची तयार स्क्रिप्ट दिलीय. तरीही लोक स्वतःची दोन ओळींची स्क्रिप्ट लिहितात, त्याचं मला वाईट वाटतं.

एक धोका सही असूनही उरतो. मिररवाला खोटं घालू शकत नाही, पण जुनं देऊ शकतो. सुरक्षेचं भोक बुजवलेलं पॅकेज आलेलं असताना महिन्याभरापूर्वीचं, खऱ्या सहीचं पॅकेज देत राहायचं. २००८ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी मिररच्या यादीत शिरणं किती सोपं आहे हे दाखवून हाच मुद्दा मांडला होता. डेबियनच्या सुरक्षा अपडेटच्या याद्यांवर आता मुदत छापलेली असते, ती उलटली की ॲप्ट तक्रार करतो. शिवाय ती अपडेट डेबियन स्वतःच्या वेगळ्या सर्व्हरवरून देतं. तेव्हा तुमच्या सोर्सेस-लिस्टमध्ये, म्हणजे ॲप्टला पत्ते सांगणाऱ्या फाइलीत, ती ओळ शाबूत आहे का, एवढं आजच बघ, आणि मुख्य मिररचा पत्ता बदलून घे.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या डिस्कची पूर्ण फाइल, डाउनलोड करशील तेव्हा मात्र आकडा आणि सही स्वतः तपासायला लागते. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटमध्ये कुणीतरी शिरलं आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीची लिंक भेसळ केलेल्या आयएसओकडे वळवली. मिररवरच्या फाइली जागच्या जागी शुद्ध होत्या, साइटवरची लिंक तेवढी बदलली होती. ज्यांनी सही तपासली ते वाचले. सरांना हे दाखव, पण जपून सांग. त्यांची शंका चुकीची ठरली तरी शंका घेणं बरोबरच होतं.

प्रश्न : आमच्या कॉलेजात चाळीस मशीनवर एकदम अपडेट लावलं तर तुमच्या मिररने निम्म्यांना ५०३ (सर्व्हर व्यस्त) दाखवून परत पाठवलं. सीमाभागातल्या कॉलेजांसाठीच मिरर आहे ना तुमचा?
— लॅब इन्स्ट्रक्टर, निपाणी

सर, चूक माझ्याकडची आहे, मनापासून माफी मागते. काही जण डाउनलोड मॅनेजर लावून एकेक आयएसओ सोळा-सोळा तुकड्यांत ओढतात. त्यांना आवरायला मी एका आयपी पत्त्याला चारच जोडण्या दिल्या होत्या. तुमची चाळीस मशीनं बाहेर एकाच पत्त्याने येतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुमच्या कॉलेजचा पत्ता कळवा, सवलतीच्या यादीत घालते. आयएसओचं फोल्डर सोडून बाकी ठिकाणची मर्यादाही वाढवलीय.

पण खरा उपाय तुमच्या लॅबमध्येच आहे. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता द्या, पोर्ट ३१४२. पहिलं मशीन पॅकेज मागेल तेव्हा ते बाहेरून येईल, उरलेली एकोणचाळीस ते लॅबमधूनच घेतील. दीड जीबीचं अपडेट असेल तर साठ जीबीऐवजी दीड जीबी तुमच्या लाइनवरून येईल. दुपारच्या प्रॅक्टिकलच्या आत सगळं उरकेल.

प्रश्न : मोठमोठ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर वाटायला फुकट जागा देतात असं माझा नातू म्हणतो. मग तुम्ही बेळगावात बसून एवढी खटपट कशाला करता?
— निवृत्त शिक्षक, वडगाव

गुरुजी, नातू खरं सांगतोय. डेबियनच्या नेहमीच्या पत्त्यामागे आज फास्टली कंपनीचं जगभरच्या सर्व्हरांचं जाळं आहे आणि ते त्यांनी देणगी म्हणून दिलंय. त्याबद्दल मला आदर आहे.

तरी मी का करते ते सांगते. २००६ साली आमच्या घरी बीएसएनएलचं डेटावन होतं, २५६ केबीपीएस. महिन्याची मर्यादा ठरलेली, पण रात्री २ ते सकाळी ८ मोजत नसत. मी दोनला पाच कमी असताना गजर लावून उठायची. त्या वेगाने सेकंदाला ३२ केबी येतात. ७०० एमबीची एक सीडी उतरायला सहा तासांहून थोडा जास्तच वेळ लागायचा आणि खिडकी होती बरोबर सहा तासांची. आठ वाजता बाबा कचेरीला जायची तयारी करत असायचे आणि मी ९६ टक्क्यांवर मोडेम बंद करायची. उरलेले चार टक्के दुसऱ्या रात्री. मध्येच वीज गेली तर डब्ल्यूगेट हा डाउनलोडचा प्रोग्राम जिथं थांबलं तिथून पुढं उचलायचं, पण काही सर्व्हर ते मान्य करत नसत, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात उबंटू या दुसऱ्या लिनक्सचे लोक शिपइट योजनेतून पोस्टाने फुकट सीड्या पाठवायचे. आमच्या पोस्टमनने ते पुठ्ठ्याचं पातळ पाकीट हातात दिलं तो दिवस मला आठवतो. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. त्याच वर्षी मी मिरर सुरू केला. त्या सीड्यांच्या मी कितीतरी प्रती करून खानापूरच्या, येळ्ळूरच्या पोरांना वाटल्या होत्या, ते काम दुसऱ्या रूपात चालू ठेवावं असं वाटलं.

आणि देणगी देणारा एकच असला की त्याने हात आखडल्यावर काय होतं हेही आपण पाहिलंय. बिनट्रे ही सेवा मुक्त प्रकल्पांच्या फाइली फुकट ठेवायची. १ मे २०२१ ला ती बंद झाली आणि असंख्य प्रकल्पांना पत्ते बदलत बसावं लागलं. २०२२ मध्ये व्हीएलसीची मूळ साइट आपल्या देशात कित्येक महिने उघडत नव्हती, नोव्हेंबरात ती मोकळी झाली. तेवढे दिवस आमच्या मिररवरून पोरं व्हीएलसी नेत होती. कानपूरच्या आयआयटीसारख्या संस्थांनीही मिरर ठेवले. पुष्कळ ठिकाणी थोडं थोडं असावं. त्यातलं एक ठिकाण आपल्या गावात असावं, आणि ते ताजं असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रश्न : घरी फायबर आहे, जुना लॅपटॉप आहे. मला घरूनच मिरर चालवायचाय. तुमच्याकडे कधी मोठा घोटाळा झालाय का, काय शिकलात?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, संकेश्वर

घरून सार्वजनिक मिरर नको रे. घरच्या फायबरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, एकच पत्ता शंभर घरांना वाटलेला असतो. बाहेरून तुझ्यापर्यंत कुणी पोचणारच नाही. त्यापेक्षा डेबियन किंवा उबंटूच्या आयएसओचे अधिकृत टॉरेंट घे आणि सीड करत राहा, म्हणजे उतरवलेली फाइल तुझ्या मशीनवरून इतरांनाही मिळू दे. तू लॅपटॉप बंद केलास तर कुणाचं अडत नाही, चालू ठेवलास तर तेवढी मदत होते.

घोटाळा झालाय. २०१९ चा मे महिना, संध्याकाळी वळीव कोसळला. वीज गेली, यूपीएस चाळीस मिनिटांत संपलं, मध्यरात्री वीज आली तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं. पण डेटाच्या डिस्क जोडल्या गेल्या नाहीत. त्यांच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर राहिलं. ठरल्या वेळी आरसिंक जागा झाला, रिकामं फोल्डर पाहून त्याला वाटलं सगळंच आणायचंय, आणि तो आणत सुटला. ऑपरेटिंग सिस्टिमची २४० जीबीची एसएसडी पहाटेपर्यंत काठोकाठ भरली. सकाळी मी एका लग्नाला हुक्केरीला गेले होते. चौदा तास आमचा मिरर लोकांना अर्धवट फाइली दाखवत होता. कितीतरी जणांची इन्स्टॉलेशन त्या दिवशी मध्येच अडकली असतील. ते मला अजून लागून आहे.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. डेटाच्या डिस्कवर एक रिकामी खुणेची फाइल ठेवली. स्क्रिप्ट आधी ती शोधते, नसेल तर काहीही न करता मला मेसेज पाठवते. आरसिंकला "मॅक्स-डिलीट" लावलं, म्हणजे मूळ सर्व्हरच कधी रिकामा दिसला तर आमच्याकडचं सगळं पुसलं जाणार नाही. आणि यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. शिवाय इमारतीबाहेरून येणारी तांब्याची केबल काढून फायबर घातली, वळवातल्या विजेने दोन स्विच जळाले होते म्हणून. यातलं पहिलं काम तू कुठलीही स्क्रिप्ट लिहिशील त्यात कर. एका ओळीचं आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेत एक मिरर आहे. तो सांभाळणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला गेला. मशीन चालू आहे, दिवे लुकलुकतात, पण पासवर्ड कुणालाच माहीत नाही. बंद करावं की ठेवावं?
— संस्थेच्या कार्यवाह, टिळकवाडी

ताई, तुमचं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही, कारण असे मिरर किती असतील कोण जाणे. आपली पोरं पुण्याला, बंगळूरला जाणारच. म्हणून मी आमच्याकडे कायम दोघांना तयार ठेवते आणि पासवर्डचं बंद पाकीट प्राचार्यांच्या कपाटात असतं.

लगेच वायर ओढू नका. प्रकल्पांच्या मिररच्या यादीत तुमचं नाव आहे तोवर लोक तुमच्याकडे पाठवले जातात, ते एकदम आपटतील. आधी प्रत ताजी आहे का ते ट्रेसच्या फाइलीत पाहू. ताजी असेल तर आत शिरायचा मार्ग काढू, डिस्कची तब्येत तपासू आणि दोन माणसं नेमू. शिळी असेल किंवा माणसं मिळत नसतील तर संबंधित प्रकल्पांना पत्र लिहून यादीतून नाव काढून घ्यायचं. त्यानंतरही तीन-चार महिने मशीन चालू ठेवायचं, कारण लोकांच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता तसाच असतो. लॉगमध्ये येणाऱ्यांची संख्या ओसरली की मगच बंद.

शनिवारी दुपारी तीनला मी येते. एक मॉनिटर, कीबोर्ड आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार ठेवा. आणि त्या मुलाचा नंबर असेल तर त्याला आधी एक फोन करा, पासवर्ड त्याच्या लक्षात असेल.